ठकूआत्याचं तोंड

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची आणि मिठाईची दुकानं संपली, की डाव्या हाताला एकसारख्या लाल विटांच्या घरांच्या गल्ल्या लागतात. त्यातल्या तिसऱ्या गल्लीत कांताबाई राहते. पन्नास वर्षं झाली. गल्लीतली गोरी माणसं गेली, गुजराती आले, गुजरात्यांची पोरं शिकून मोठ्या घरांत गेली. कांताबाई आहे तिथंच आहे. नवरा काशीनाथ बस चालवायचा, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा संघर्ष बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याची मुलगी रचना लेस्टरच्या युनिव्हर्सिटीत शिकते, म्हणून आजीपाशी राहते. आजीला नातीची सोबत झाली असं सगळे म्हणतात. नातीचे कपडे कोण धुतं ते कुणी विचारत नाही.

दर रविवारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये बुद्धवंदना असते. पांढरी साडी नेसून कांताबाई भिंतीकडच्या खुर्चीवर बसते, गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. वंदना सुरू व्हायच्या आधी तिचे ओठ हलत असायचे, वंदना चालू असताना हलायचे, आणि वंदना संपून चहा-बिस्किटं फिरायला लागली तरी हलतच असायचे. मंडळाचे सेक्रेटरी शशिधर, कौन्सिलमधून रिटायर झालेले, भाषणाची हौस दांडगी. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "आपण आठवड्यातून एकदा त्रिशरण म्हणतो. कांताबाईंच्या ओठांवर ते चोवीस तास असतं. हे आपण शिकलं पाहिजे."

लोकांनी तीनदा साधू, साधू, साधू म्हटलं. कांताबाईनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती विनय.

त्या तोंडात ना त्रिशरण होतं ना पंचशील. तोंड आपलं आपण हलत होतं. ओठ पुढं यायचे, मागं जायचे, जबडा गाईनं रवंथ करावं तसा एका बाजूला सरकायचा, आणि मधेच जिभेचं टोक बाहेर डोकावून आत जायचं. कुणी बघतंय असं वाटलं की ती दात आवळून क्षणभर ते थोपवायची. बाकी वेळी गालात सुपारीचं खांड ठेवायची. सुपारी खाणाऱ्या बाईचं तोंड हललं तर कोण काय म्हणणार? तिचं हे सोंग चार वर्षं निभलं.

पहिल्यांदा ते बघितलं रचनानं. एका सकाळी टोस्ट खाता खाता म्हणाली, "आजी, तू काय खाते सारखा?"

"सुपारी."

"आता तर तू दात पण घातला नाही. तुझा जीभ बाहेर येतो आजी. असा." आणि पोरीनं करून दाखवलं.

कांताबाईच्या हातातला कप जागच्या जागी थांबला. एकवीस वर्षांच्या गोड पोरीच्या तोंडावर तिला ठकूआत्या दिसली.

ठकूआत्या म्हणजे कांताबाईच्या वडिलांची धाकटी बहीण. माणदेशातलं गाव, गावाबाहेर वस्ती. छप्पन सालानंतर वस्तीनं घराघरातले देव गोळा करून ओढ्यात सोडले. देव गेले, भुतं मात्र राहिली. दिवसा म्हातारे सांगायचे, भूतखेत मानणं आपल्याला शोभत नाही. तिन्हीसांजेला त्यांच्याच बायका पदराखालून लिंबू नेऊन वेशीवर टाकायच्या.

ठकूआत्याचं पहिलं मूल दगावलं. ती महिनाभर गप्प बसली, आणि मग बोलायला लागली ती थांबेचना. नवऱ्यानं आणून सोडली. कांताबाईच्या आजोबांनी लिंबू न टाकता एसटीत घातली आणि शहराच्या मोठ्या इस्पितळात नेली. त्या काळी, त्या वस्तीतला माणूस हे करतो म्हणजे केवढी छाती. येताना पांढऱ्या गोळ्यांची पुडी घेऊन आले. पुढं दर दोन महिन्यांनी जाऊन पुडी आणायचे.

आत्या गोळी घेईना. थुंकून टाकायची. मग ठरलं, कांतीच्या हातून द्यायची, पोरीचं ती ऐकते. कांती अकरा वर्षांची. आजी गोळी वरवंट्यानं बारीक करून द्यायची, कांती ती गुळात मळून भाकरीच्या तुकड्यात दाबायची. आत्या घास हातात घेऊन विचारायची, "कांते, यात काय घातलंस गं?"

"काही नाही आत्या. गूळ आहे."

रोज हाच सवाल, रोज हाच जबाब. आत्याचं बोलणं थांबलं. ती शेळ्यांना पाणी पाजायला लागली, गोधडीला टाके घालायला लागली. सगळ्यांना आनंद झाला. पाच-सहा वर्षं गेली, आणि आत्याचं तोंड चालायला लागलं. रिकामं तोंड, दिवसभर. वस्तीतल्या बाया म्हणायला लागल्या, ही आपल्या मेलेल्या लेकराला चघळतेय. पोरं दगड मारायची. आजोबा एव्हाना थकले होते, वडिलांचं वस्तीपुढं काही चाललं नाही. मागच्या दारी शेळ्यांच्या खुंट्याला आत्याचा पाय बांधला. तशीच ती दोन वर्षांनी गेली. शेवटच्या दिवसापर्यंत कांती तिला घास नेऊन देत होती, गुळात मळून.

कांताबाईनं हे सगळं मनाच्या तळाशी घालून वर संसाराचं ओझं ठेवलं होतं. लग्न झालं, इंग्लंडला आली, होजिअरीच्या कारखान्यात कॉलर शिवायला लागली, संघर्ष झाला. एक्याण्णव सालच्या हिवाळ्यात ओझं सरकलं. गॅसपाशी आमटी ढवळताना मागून कुणीतरी स्पष्ट विचारलं, "कांते, यात काय घातलंस गं?"

तिनं वळून बघितलं. फ्रिज होता.

मग प्रत्येक जेवणाला सवाल यायला लागला. तिनं आमटी ओतून दिली, पुन्हा केली, पुन्हा ओतली. पोराच्या डब्यातलं सँडविच उघडून उघडून बघायची. स्वतः तर खाणंच सोडलं. काशीनाथ भला माणूस, तो कुणाला काही न सांगता तिला घेऊन गेला. इस्पितळात सहा आठवडे काढले, गोळी सुरू झाली. तीन आठवड्यांत आवाज बंद. पुढं तिनं एकवीस वर्षं कॉलर शिवल्या, पोराला इंजिनीअर केलं. गोळीनं तिला संसार परत दिला. ती गोळी ती चौतीस वर्षं घेत होती, स्वतःच्या हातानं, पाण्याबरोबर, कुणी न मळता.

म्हणून रचनानं तोंड करून दाखवलं तेव्हा कांताबाईनं कप खाली ठेवला आणि उठून सिंकपाशी गेली. तिच्या मनात दोनच गोष्टी होत्या, आणि दोन्ही सांगण्यासारख्या नव्हत्या. एक, आत्या इतकी वर्षं वाट बघून शेवटी तोंडात येऊन बसली. दुसरी, डॉक्टरांना हे दिसलं तर गोळी लागू पडत नाही म्हणून ते ती बंद करतील, आणि मग फ्रिजपाशी पुन्हा सवाल येईल. आपण वेड्या ठरलो तरी एक वेळ चालेल. पण पोराच्या-नातीच्या ताटात विष घातलंय असं वाटून जगायचं, हे पुन्हा नको.

रचना गप्प बसणारी नाही. तिनं जीपीच्या सर्जरीत, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, फोन केला. सर्जरीनं सांगितलं, स्पेशालिस्टकडे पाठवतो, व्हिडिओवर दिसतील. चार महिन्यांनी मोबाइलवर लिंक आली.

त्या दिवशी कांताबाई निळ्या काठाची साडी नेसली. रचनानं टॅबलेट ज्वारीच्या पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. संघर्ष बेसिंगस्टोकहून पडद्याच्या एका चौकटीत आला.

"आई, मी बोलतो त्यांच्याशी. तू फक्त हसायचं."

"हसायला काय, दवाखाना आहे का लग्नाचा फोटो?"

"आणि जरा मागं सरक, बाबासाहेबांची तसबीर अर्धी कापली जातेय."

कांताबाई सरकली. गालात नवी सुपारी, दात आवळलेले. डॉक्टर आले. तरुण, दमलेले, चांगले. त्यांनी विचारलं, तोंडाची हालचाल होते असं लिहिलंय, त्रास होतो का? संघर्षनं मराठीत विचारलं. कांताबाई म्हणाली, "कधीमधी आत्या आल्यासारखं वाटतं."

संघर्षचा चेहरा चौकटीत आकसला. "आई, हे नको. ते काय समजतील आपल्याला?" आणि डॉक्टरांना इंग्रजीत म्हणाला, थोडा त्रास होतो कधीमधी.

घरात कुणाला असा आजार होता का? संघर्षनं आईला न विचारताच सांगितलं, कुणाला नाही.

बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. पण माहीत असतं तरी त्यानं तेच सांगितलं असतं. भारतातून आलेली माणसं अंगात येण्याच्या गोष्टी सांगतात असं हापिसातल्या एकानं त्याला हसून म्हटलं होतं, तेव्हापासून आपल्या घरातून असलं काही बाहेर पडता कामा नये, असं त्यानं ठरवलं होतं.

डॉक्टर पडद्यावर वाकून तिच्याकडे बघत राहिले. ती हसली. तोंड जागेवर होतं. ते म्हणाले, तुम्ही छान दिसताय, आहे तेच औषध चालू ठेवू, वर्षानं भेटू. सगळं मिळून सात मिनिटं. पडदा काळा झाला, आणि जबडा असा सुटला की सुपारी उडून पिठाच्या डब्यामागं पडली.

रचना म्हणाली, "आजी, तू चीटिंग केला."

"डॉक्टरसमोर नीट बसले, यात कसली चीटिंग?"

पण हे नीट बसणं वैशाखी पौर्णिमेला महागात पडलं. शशिधरांनी हौसेनं त्या दिवशीची वंदना कांताबाईनं सांगायची असं ठरवलं. नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. ती माईकपुढं उभी राहिली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला जीभ बाहेर आली आणि दातांखाली सापडली. शब्दांचा चेंदा झाला. तिनं पदरानं तोंड दाबलं, पदराला रक्त लागलं. मग कुणीतरी हुंदका दिला आणि शशिधर भरल्या गळ्यानं म्हणाले, "ताई भारावून गेल्या. आपण पुढं म्हणू या."

दोनशे माणसं पुढं म्हणायला लागली. कांताबाई खुर्चीत बसून रक्त गिळत राहिली. तिला वाटलं, एखाद्यानं तरी दगड मारला असता तर बरं झालं असतं. निदान कुणीतरी ते तोंड खरंच बघितलं असतं.

त्यानंतर रचनानं एक केलं. आजी कोथिंबीर निवडत बसली असताना तिनं गुपचूप मोबाइलवर तिचं चित्रण केलं, आणि संध्याकाळी तिच्याच हातात दिलं. "मी डॉक्टरला पाठवणार नाही तू नको म्हटला तर. पण तू बघ."

कांताबाईनं बघितलं. कोथिंबीर निवडणारे हात तिचे होते, बांगड्या तिच्या, साडी तिची. मानेच्या वर ठकूआत्या होती. मागच्या दारी बसायची तशी, नजर कुठंतरी लांब, आणि रिकामं तोंड चाललेलं. गंमत अशी की बाई शांत दिसत होती. आपल्या तोंडाचं तिला काही माहीतच नव्हतं. म्हणजे आत्यालाही माहीत नसणार. पोरं दगड का मारतात, हे तिला कळलंच नसणार.

कांताबाईनं मोबाइल पालथा ठेवला आणि वरून पोळ्यांचं फडकं टाकलं.

आठ दिवस तिनं विषय काढला नाही. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायची. बाथरूमच्या आरशावर टॉवेल टांगला. नवव्या दिवशी रचनाला म्हणाली, "पाठव ते. आणि त्यांना म्हण, संघर्षला मधे घालू नका."

"मग बोलणार कोण?"

"त्यांचं माणूस असेल ना कुणी."

ते चित्रण बघितल्यावर इस्पितळानं वर्षाची वाट बघितली नाही, दोन आठवड्यांत लिंक आली. या खेपेला पडद्यावर जोआन नावाची नर्स होती, पन्नाशीची, चष्मा केसांत खोचलेला. आणि दुभाषी म्हणून एक मराठी बाई, तिचं नाव सीमा. ती फोनवरून होती. तिची चौकट काळी, नुसता आवाज.

आता बघा, आवाज ऐकू येतो म्हणून ज्या बाईला चौतीस वर्षं गोळ्या दिल्या, तिच्याच खोलीत इस्पितळानं बिनचेहऱ्याचा आवाज पाठवला, तोही मराठी. कांताबाईनं आधी रचनाला विचारून घेतलं, "तुला ऐकू येतंय ना हे?" रचनाला ऐकू येत होतं. मग तिनं नमस्कार केला.

जोआननं पहिलाच प्रश्न विचारला, "तोंडात काही आहे का? चॉकलेट, च्युइंगगम, काहीही?"

सीमानं मराठीत विचारलं. रचनानं आजीपुढं रिकामी बशी सरकवली. कांताबाईनं सुपारी काढून बशीत ठेवली. दोन खांडं होती.

"आजी, आता खुर्ची मागं घ्या, पाय दिसू देत. हात गुडघ्यांवरून खाली लोंबते सोडा. तोंड उघडा. आता जीभ बाहेर काढून ठेवा." सीमाचा आवाज कोकणातल्या माणसासारखा हेल काढत होता. "आता हाताचा अंगठा एकेका बोटाला लावायचा. जमेल तितक्या भराभर."

कांताबाई बोटं लावायला लागली. एक, दोन, तीन, चार. लक्ष बोटांत गेलं आणि दात आवळायचे राहून गेले. तोंडानं इतक्या दिवसांचं सगळं भरून काढलं. जीभ बाहेर, ओठ पुढं, जबडा इकडून तिकडं. कोपऱ्यातल्या तिच्या स्वतःच्या छोट्या चौकटीत आत्या बसली होती, निळ्या काठाची साडी नेसून. कांताबाईनं डोळे मिटले नाहीत, पण बोटं थांबली.

जोआन हसली नाही की दचकली नाही. तिनं काहीतरी लिहिलं, मग सावकाश बोलली. सीमानं सांगितलं, "त्या म्हणतात, थँक्यू. तुम्ही दाखवलंत ते बरं केलंत. हे तुमच्या गोळीमुळे होतं. खूप वर्षं घेतली की काही जणांना होतं. तुमचा दोष नाही, आणि हे वेड पण नाही."

"गोळीमुळे," कांताबाई म्हणाली.

"हो."

"विचारा त्यांना. साठ वर्षांपूर्वीच्या गोळ्यांनी पण व्हायचं का?"

सीमानं विचारलं. जोआन म्हणाली, त्या गोळ्यांनी तर जास्तच व्हायचं.

रचनाला वाटलं पडदा अडकला. सीमानं विचारलं, "आजी, आहात ना तुम्ही?"

कांताबाई कुठं होती म्हणाल, तर माणदेशात, मागच्या दारी, अकरा वर्षांची, बोटांना गूळ चिकटलेला. साठ वर्षं तिनं धरून ठेवलं होतं की गोळीनं आत्या बरी झाली आणि भुतानं नेली. आता भूत गेलं. राहिली ती गोळी, आणि भाकरीत ती दाबणारं बोट.

"आहे," ती म्हणाली.

जोआननं ठरवलं ते असं: जुनी गोळी हळूहळू कमी करायची, तिच्या जागी दुसरी आणायची, दर दोन आठवड्यांनी पडद्यावर भेटायचं. एकदम काही बंद करायचं नाही. सुरुवातीला तोंड जास्त हलेल, घाबरू नका. आणि जुना आवाज परत आला तर लगेच सांगा.

संघर्षला कळलं तेव्हा तो शनिवारी गाडी घेऊन आला. चहा प्यायच्या आधीच सुरू झाला. "आई, मला बाजूला काढून परक्या बाईला घरातलं सांगितलंस? आत्याचं भूत पण काढलंस की काय? आपण ह्यातून बाहेर यायला किती पिढ्या घालवल्या?"

"मला नको शिकवू. तुझ्या बापानं बुद्धविहाराचं नाव काढलं नव्हतं तेव्हा मी वस्तीत पंचशील म्हणत होते."

"मग भूत कशाला?"

"अरे, भूत नव्हतंच. तेच तर सांगतेय. भूत असतं तर बरं होतं, माझ्याकडे दोष आला नसता." आणि तिनं त्याला गुळाचं सांगितलं. पहिल्यांदा. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस डायनिंग टेबलापाशी आईचं हलणारं तोंड बघत ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर म्हणाला, "तू अकरा वर्षांची होतीस."

"सुरुवातीला. शेवटी अठराची होते."

त्यानं चहा गरम करून घेतला. जाताना दारात म्हणाला, "डॉक्टरला मी खोटं सांगितलं, ना?"

"तुला ठाऊक होतं तेवढं सांगितलंस. बेल्ट लाव."

गोळी कमी होत गेली. पहिल्या महिन्यात तोंड इतकं चाललं की घास ओठांशी न्यायला दोन हात लागायचे. मग जरा निवलं. जीभ आत राहायला लागली. जेवणाला चव आली. आणि सहाव्या आठवड्यात, मंगळवारी, सकाळी पावणेअकराला, पिठल्यात मीठ घालताना मागून आवाज आला.

"कांते, यात काय घातलंस गं?"

पूर्वीसारखा नव्हे. थकलेला, जवळजवळ शेजारणीनं विचारावं तसा. कांताबाईनं वळून बघितलं नाही. हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "मीठ." मग एक-एक करून सगळं सांगितलं: हळद, हिरवी मिरची, लसूण, बेसन. आवाज पुन्हा आला नाही. पिठलं लागलं, बुडाशी करपलं. तिनं ओतून दिलं नाही. रचनाला वाढलं. ती ताट संपेपर्यंत कांताबाई समोर बसून होती, तिच्या प्रत्येक घासाकडे बघत.

गुरुवारी व्हिडिओ होता. दोन दिवस तिच्या मनात एकच चाललं. सांगितलं तर जुनी गोळी परत वाढवतील, आणि आत्या तोंडात येईल. नाही सांगितलं तर आत्या कानात येईल, आणि एक दिवस पोरीच्या ताटाशी. लपवायची सवय चार वर्षांची, तिला उजाळा द्यायला कितीसा वेळ? जोआननं विचारलं, कसं आहे, आणि कांताबाईच्या ओठावर "बरं आहे" आलंसुद्धा. मग तिनं बाजूला बघितलं. रचना टॅबलेटच्या वायरशी खटपट करत होती, तिचं लक्ष नव्हतं. या पोरीनं कालही बिनधास्त खाल्लं होतं.

"मंगळवारी आवाज आला," कांताबाई म्हणाली. "एकदाच. सीमाताई, तुम्ही सांगा त्यांना. सगळं सांगा, चांगलं करून सांगू नका."

सीमानं सांगितलं. जोआननं प्रश्न विचारले: काय म्हणाला, कुणाचा होता, काही करायला सांगतो का, तुम्हाला काय वाटलं. कांताबाईनं एकेकाचं उत्तर दिलं. तेव्हा पहिल्यांदा जोआनच्या कागदावर लिहिलं गेलं की घरात आणखी एकीला हा आजार होता. नाव काय? ठकूबाई. सीमा एकेक अक्षर फोडून सांगत होती आणि जोआन टाइप करत होती. त्या बाईचं नाव कुठल्याही कागदावर कधी आलं असेल असं कांताबाईला वाटत नव्हतं. गावच्या दप्तरातही नाही.

मग जोआन म्हणाली, "दोन-तीन रस्ते आहेत. जुनी गोळी थोडी वाढवता येईल, आवाज जाईल, तोंड बहुतेक परत हलेल. आहे तिथंच थांबता येईल. किंवा तोंडासाठी वेगळं औषध आहे, पण त्यानं मन खाली जाऊ शकतं, त्यावर लक्ष ठेवावं लागेल. डॉक्टरांशी मी बोलेनच. पण तुम्हाला काय हवंय?"

सीमानं हे सांगून झाल्यावर कांताबाई विचारात पडली. तिला असं कुणी विचारलं नव्हतं. आत्याला तर नाहीच.

"आहे तिथंच थांबा," ती म्हणाली. "तोंड हललं तर हलू दे. लोक वंदना म्हणते समजतात, समजू देत. शशिधरांना मी सांगेन काय ते. आवाज एकदा आला, मी उत्तर दिलं, गेला. परत आला आणि ठाण मांडलं तर मी आपणहून सांगेन, तेव्हा वाढवा. पण एक. यापुढं माझ्या पोटात जे काही घालाल, ते आधी मला सांगायचं. काय आहे, कशाला आहे, आणि त्यानं काय होऊ शकतं. मुलाला नाही, मला. मराठीत."

सीमा इंग्रजीत सांगायला लागली. सांगताना तिचा हेल गेला होता, एकेक शब्द ती जपून टाकत होती.

जोआननं केसांतला चष्मा खाली ओढला, दुसरा कागद उघडला. "ठीक आहे. आता घेताय त्या गोळीपासून सुरू करू या." ती गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम ते वाचायला लागली. सीमा मागोमाग मराठीत सांगत होती. कांताबाई पडद्याजवळ सरकली, छोट्या चौकटीतलं तोंड हलत होतं, आणि ती एकेका वाक्याला हं म्हणत होती.

"झोप जास्त येऊ शकते."

"हं."

"वजन वाढू शकतं."

"हं. पुढचं सांगा."